भरवशाचं पाणी

एकतीस वर्षं सकाळी आठ वाजता
मी गाढवी नदीच्या काठावर उभा राहिलो
आणि पट्टीवरचा आकडा वहीत उतरवला.
एवढीच नोकरी. पाटबंधारे खात्याची,
रोजंदारीवरून कायम झालेली.
पाऊस लागला की दर तासाला, कंदील धरून.
बाकी दिवस पाणी होतं तिथंच असायचं,
आणि मीही.

आता कोसमटोल्यात दोन पांढऱ्या गाड्या आल्यात.
तलरेजा साहेब, सोबत बँकेचा माणूस,
आणि निहारिका मॅडम, पायात गमबूट, पाठीवर लॅपटॉप.
बंधाऱ्यावरून पाणी फुकट पडतं म्हणतात.
फुकट पडणारं पाणी मी अजून पाहिलेलं नाही;
खाली मारबत्यांची जाळी असतात,
त्याखाली धान.

"हेड किती?" साहेबांनी विचारलं.
मी म्हटलं, माझ्याएवढी दोन माणसं एकावर एक,
अन् वरच्याच्या डोक्यावर घमेलं.
मॅडमनी लिहिलं: तीन पूर्णांक सहा.

माहितीपत्रकात नदीचं नाव बदललंय.
गाढवी म्हटल्यावर पैसा कोण लावणार?
कागदावर ती आता 'गार्गी लघुजल प्रकल्प'.
फागोजी मारबते जाळं झटकत म्हणाला,
"बरा झाला बापा. नदीचा लगन झाला,
नाव बदलला."

मग वह्या मागितल्या.
एकतीस वह्या, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेल्या.
"काका, सगळं ह्यांच्यावरच उभं आहे," मॅडम म्हणाल्या.
"नव्वद टक्के भरवशाचं पाणी किती, ते काढायचं.
तेवढंच बघून बँक पैसे सोडते."

भरवशाच्या म्हशीला टोणगा,
मी मनात म्हटलं.
कारण त्या वह्यांत सतरा दिवस असे आहेत
की मी नदीवर गेलोच नव्हतो.
नऊ मलेरियाचे.
दोन लेकीच्या बाळंतपणाचे.
एक दिवस नुसताच कंटाळा आला होता.
उरलेले पाच, वनमालाला अर्जुनीच्या दवाखान्यात नेलं
आणि परत आणलं,
झाकून.
त्या पाच दिवसांचं पाणी मी घरी बसून लिहिलं:
एक बेचाळीस, एक चाळीस, एक एकोणचाळीस,
हळूहळू उतरणारं, जसं ते उतरतं तसं.
इतके सुबक आकडे माझ्या हातून
पुन्हा कधी उतरले नाहीत.

संध्याकाळी बंधाऱ्यावर हे सांगून टाकलं.
मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली.
"हे दिवस तर रेषेवर अगदी बरोबर बसतात, काका.
चूक इथं आहे."
बोट एका लाल ठिपक्यावर.
चौऱ्याण्णवचा श्रावण. नऊ पूर्णांक एक.
"एवढं पाणी शक्य नाही.
हे आम्ही काढून टाकलंय."

नऊ पूर्णांक एक.
त्या रात्री पट्टी बुडाली, मोजणीची खोली बुडाली.
मी मोहाच्या फांदीत, दातांत टॉर्च,
खिशात खात्याचे दोन खिळे, एक पडला.
पाणी टेकलं तिथं बुंध्यात दुसरा ठोकला, दगडानं.
ओसरल्यावर खिळ्यापासून खाली टेप लावला.
दोनदा मोजलं.
एकतीस वह्यांत हा एकच आकडा
मी अंगानं लिहिलाय.

तिथं काही बोललो नाही.
मॅडमना मोहापर्यंत घेऊन गेलो.
साहेबांची गाडी त्याच सावलीत उभी होती.
सालीनं खिळा गिळत आणलाय,
नुसता एक गंजका डोळा उरलाय वर.
त्यांनी हात उंच केला.
टाचा उचलल्या.
पोचला नाही.

"पॉवरहाऊस कुठं येणार?" मी विचारलं.
त्यांनी नकाशा उघडला नाही.
खाली, वाळूत, चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या चौकोनात
ड्रायव्हर मांडी घालून
मोबाइल बघत बसला होता.