अर्धा र

वाशीला, सेक्टर सतरात, दुपारी साडेतीनला
मी पाचवा खोका उघडायला लावला
तेव्हा पारेख म्हणाला, ताई,
शालू घेताय की टीव्हीचा प्लेअर?

तो आवाजाचं सांगत होता.
सात बाजूंनी येतो म्हणे,
घोडे मागच्या भिंतीतून घुसतात.
मी म्हटलं, आवाज नसला तरी चालेल.
त्यानं पोराकडे पाहिलं, पोरानं माझ्याकडे.

अण्णा रबाळ्याला प्रेस शॉपमध्ये होते, एकतीस वर्षं.
पत्र्यावर पत्रा, पत्र्यावर पत्रा.
आधी टिटवी गेली, मग कुकरची शिटी,
मग आम्ही.
कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये आहे,
एलआयसीच्या पावतीत गुंडाळून.
नुसता गोंगाट येतो म्हणतात त्यातून, शब्द येत नाही.

सर्व्हर घरी आहे. ऐरोलीला, माळ्यावर, पापडाच्या डब्याशेजारी.
ऑफिसनं भंगारात काढलेलं मशीन, नऊशे रुपये.
त्यात एकशे चौदा सिनेमे
आणि प्रत्येकाखाली मी टाइप केलेल्या ओळी.
जेवणं उरकली की इअरफोन लावायचे.
थांबव, लिही, दोन सेकंद मागे, पुन्हा थांबव.
मारामारी सोपी जाते.
कुजबुजीला रात्र लागते.
एकदा ‘कोकिळा ओरडते’ लिहिलं
तर अण्णा म्हणाले, आपली समोरची?

पर्समध्ये पेनड्राइव्ह, त्यात एकच फाइल.
काळा पडदा, खाली शब्द:
लक्ष्मी. उद्ध्वस्त. वाङ्मय. कऱ्हाड. वाऱ्यावर.

पहिल्यानं नुसते चौकोन दिले,
ताबा न मिळालेल्या बिल्डिंगच्या खिडक्यांसारखे.
दुसऱ्यानं काना-मात्रा वाटेत सांडल्या.
तिसरा बरा होता, लक्ष्मी आली, उद्ध्वस्तही शाबूत,
पण कऱ्हाडच्या डोक्यावर रफार ठेवून मोकळा झाला.
चौथा सगळ्यात महाग,
त्याला वाऱ्यावर सोडलं.

पारेख म्हणाला, एवढ्याशा रेघेसाठी?
हिंदीत तर सगळं चालतं.
मी म्हटलं, हिंदीत पुऱ्या नसतात.
नसतात कशा, तो म्हणाला,
आणि मग गप्प झाला, विचार करत.

पाचवा साबणाच्या वडीएवढा.
कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नाही, रिमोटला दहाच बटणं.
वाऱ्यावर.
नीट. अर्धा र जागच्या जागी,
कुणीतरी एक भुवई उचलावी तसा.
तीन हजार दोनशे, बिल नको असेल तर अठ्ठावीसशे.
मी बिल घेतलं.

रात्री सिनेमा लावला नाही.
सर्व्हरवर ‘घरचं’ नावाचं फोल्डर आहे,
कॅसेटवरून उतरवलेलं.
सत्त्याण्णव साल, माझा दहावीचा निकाल,
कॅमेरा टेमघरे वहिनींच्या भाच्याचा, म्हणून हलतो.
आई कढईपाशी. अण्णा पाठमोरे, पेपरात.
आई वळून काहीतरी बोलते, अण्णा पान उलटतात.
तेव्हाच कमी यायला लागलं होतं त्यांना.
आम्हाला वाटायचं, लक्ष नसतं.

खाली पांढरी ओळ आली:
अहो, पंखा बंद करा. पुऱ्या गार होतायत.
मग दोन सेकंदांनी:
अहो.

अण्णांनी चष्मा पुसला, तोवर ओळ गेली.
मागे जायचं बटण मी दाखवलं नव्हतं,
ते त्यांनी अंगठ्यानं चाचपून शोधलं.
अहो, पंखा बंद करा.
उठले. भिंतीला धरत बोर्डापाशी गेले.
तिसरं बटण. नाही, दुसरं.

मे महिना. खाडीकडून वाऱ्याचा पत्ता नाही.
उरलेली अकरा मिनिटं आम्ही घामात बसून पाहिली.
माळ्यावरच्या मशीनचा छोटा पंखा
फिरतच होता. तो अण्णांना
ऐकू येत नाही.