कुंड्या आत घेण्याची वेळ

रेडिओवर परभणीचं नाव सगळ्यात आधी यायला लागलं
की मी पदर खोचते.
नऊ, मग साडेसात, मग सहाच्या खाली काहीतरी.
गल्लीत लोक हा आकडा असा सांगतात
जसा आपल्याच पोराचा दहावीचा निकाल.

नागवेलीचं एक पान कडेनं काळं पडलं,
चहात बुडवून काढल्यासारखं.
त्याच संध्याकाळी, नळ येऊन गेल्यावर,
मी पहिली कुंडी उचलली.
कुंडी कसली, तेलाचा पत्र्याचा डबा.

दोन खोल्या आमच्या. दुसरी म्हणण्यापुरती.
त्यात पलंग, शिलाई मशीन, कपाट, सिलिंडर,
कृतिकाचं दप्तर
आणि आता ही बिऱ्हाडं.
मशीनखाली दोन कोलियस
(दवाखान्याच्या कंपाउंडातली फांदी, कुणाला सांगू नका),
पायडल मारताना पानं पोटरीला लागतात.
कपाटावर सिंगोनियम. मोरीच्या कट्ट्यावर अळू,
त्याला ओल चालते.
तांदळाच्या कोठीवर अडेनियम,
स्टेशनजवळच्या गाड्यावरून एकशेवीसला घासून आणलेलं,
पानं गाळून बसलंय नुसतं फुगीर बुड घेऊन.
होळीपर्यंत त्याला पाणी द्यायचं नाही.
विसरायचंही नाही.

नागवेल अर्धापूरच्या मावशीची.
मावशी म्हणते, तिला विटाळ सोसत नाही.
मी म्हणते, तिला वारं सोसत नाही.
ती पलंगावर. खताची पिशवी अंथरून,
ह्यांच्या जागेवर.

हे जिनिंगवर. कापूस आहे तोवर रातपाळी.
त्यांची अर्धी बाजू तशीही गारच पडून असते.

"नर्सरी काढायलीस का गं?"
घरमालकीण चतुराबाई खिडकीतून.
"फरशीला ओल धरली तर डिपॉझिटमधून कापीन."
मी बुडाखाली ताटल्या सरकवल्या.
त्या दिवसापासून आम्ही दोन ताटल्यांत जेवतो, तिघं.

रात्री दिवा मालवला की
मातीचा वास हळूहळू उंच होतो.
कृतिका झोपेतच विचारते, "आई, कोण आलंय?"

दहा आत मावली.
अकरावी पपई. रंगाच्या फुटक्या बादलीत
आपोआप उगवलेली, कुणी न मागितलेली,
गुडघ्याएवढी.
तिला जागा नाही.
तिच्यावर जुना परकर टाकते रोज
आणि दार लावताना तिकडं बघत नाही.

मग एका रात्री जिनिंगचा पट्टा तुटला.
दोन वाजता कडी वाजली.
भुवयांत कापूस, मफलरात कापूस,
हे दारातच उभे. आत पाय ठेवायला जागा नाही,
आणि पलंगावर त्यांच्या उशीला टेकलेली वेल.
मला वाटलं, आता बोलतील.

"ही बाहेरची कुणाची?"

मी काही म्हणाले नाही.
त्यांनी खिसे उलटे केले.
झाडलोटीतला कचरा-कापूस, सरकीच्या टरफलांसकट,
मूठभर, मग आणखी मूठभर.
उकिडवं बसून बुंध्याभोवती दाबला,
लेकराच्या कानात बोळा घालावा तसा.
परकर परत ओढला, वर वीट ठेवली.

वेल उचलायला मी हात घातला तर म्हणाले,
"राहू दे. उठवू नको."
आणि मशीन नि भिंत यांच्या मधल्या पट्टीत
पाय पोटाशी घेऊन झोपले,
डोकं कोलियसच्या डब्यापाशी.
मी माझी गोधडी टाकली त्यांच्यावर. आखूड पडली.

सकाळी ऊन पायरीवर यायला साडेआठ.
परकर काढला. वरची दोन पानं गेली होती,
उकडलेल्या मेथीसारखी लोंबत.
कापसात बोट घातलं.
आत ओल होती
आणि हवेपेक्षा थोडं कमी गार.

रेडिओ म्हणाला, पाच पूर्णांक एक.
"हा बाहेरचा आकडा," कृतिका म्हणाली,
"आपल्या घरातला कोण सांगतं?"

मी अळू उचललं. अजून नऊ न्यायच्या होत्या,
आणि वाटेत हे झोपलेले.