चुना

पडद्यावर अण्णांची झडप उघडते, अर्धीच.
पाकळ्यांच्या कडेला पांढरे ठिपके.
असलं पांढरं मी रोज बघते
कराडच्या या अंधाऱ्या खोलीत,
इतरांच्या बापांच्या छातीत.

"कॅल्शियम धरलंय," मी म्हणाले.
"म्हंजे चुना," अण्णा म्हणाले
आणि जेल फासलेल्या छातीनं हसले.
"अकरा वर्सं गप ऱ्हाऊन
शेवटाला चुना लावलाच की हिनं."

बसवली तेव्हा सर्जन आडून आडून सांगत होते,
जनावराची आहे, तुमची हरकत नसेल तर...
अण्णांनी एवढंच विचारलं, "कमावलीया कशात?"
सर्जन जरा थांबले. मग रसायनाचं नाव सांगितलं.
ते अण्णांनी हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या
शेजारी ठेवून दिलं.

चुन्याच्या कुंडात कातडं केस सोडतं.
पण नंतर तो चुना उतरवायला लागतो,
कोयनेच्या पाण्यात, मग आंबवलेल्या कोंड्यात,
पुन्हा पाण्यात,
अंगठा दाबला की ठसा उमटून राहीपर्यंत.
आत राहिला तर चामडं तडकतं,
पहिल्याच उन्हाळ्यात, घालणाऱ्याच्या पायात.
अण्णांचे अंगठे अजून सालीच्या रंगाचे आहेत.
शाळेत माझ्या बाकावर
दुसरं कुणी बसायचं नाही.

वरच्या पेठेतले वकील मात्र
गेल्या महिन्यात याच टेबलावर झोपले होते.
झडप हीच. कंपनीही हीच.

नव्या झडपांचं मी त्यांना वाचून दाखवते.
आतली चरबी अल्कोहोलनं काढतात,
आणि रसायनाची जी टोकं मोकळी राहतात,
ज्यांना रक्तातलं कॅल्शियम येऊन बिलगतं,
ती आधीच बांधून टाकतात.
अण्णा डोळे मिटून ऐकतात.
"चरबी ऱ्हायली, म्हंजे रापी नीट चालली न्हाई.
आन् टोकं मोकळी, म्हंजे
मसाला जास्ती, धुनं कमी."
मग बराच वेळ काही नाही.
"धुतंय कोन तितं?"

मला माहीत नाही.
एका फोटोत टोप्या घातलेल्या बायका होत्या,
सूक्ष्मदर्शकाखाली पाकळ्या शिवणाऱ्या.
धुणाऱ्याचा फोटो नव्हता.

जुनीच्या आत नवी बसवणार आहेत, जांघेतून नेऊन.
फॉर्म आलाय. व्यवसायापुढं
मागच्या खेपेला मी 'शेती' लिहिलं होतं.
आम्हाला शेत नव्हतं.

मी आधी जेल पुसून घेते.
अण्णा सदऱ्याची बटणं लावता लावता विचारतात,
"घालायच्या आदी
एकडाव हातात देत्याल का?
अंगठा लावून बगतो."