ठळक

ठळक हा शब्दच बघा:
ठ एक वर्तुळ, ळ दोन,
आणि क म्हणजे दांड्याच्या एका बाजूला मिटलेली,
दुसऱ्या बाजूला उघडी अर्धी भाकर.
कंपासपेटी घेऊन बसावं असा शब्द.
मी तिथूनच सुरुवात केली,
पाचपावलीत, फ्लेक्सवाल्याच्या माडीवरच्या खोलीत,
मे महिना, पारा सेहेचाळीस,
कूलरमध्ये पाणी टाकायची पाळी रोज माझीच.

नियम मोजके होते.
शिरोरेखा कान्याइतकीच जाड.
वळण असेल तर परातीचं,
कोपरा असेल तर गुण्याचा.
बोरूची आठवण नको,
कुठेच निमुळतं काही नको.
ट, ठ, ढ मुकाट्याने आले.
ग आणि ण खांब रोवून उभे राहिले.
र शेवटपर्यंत वर्तुळात बसेना,
त्याची शेपटी तीनदा कापली,
चौथ्यांदा तीच परत आणली.
इ-ने दोन रात्री खाल्ल्या.
आणि द्ध?
एवढ्या जाडीत द्ध म्हणजे डांबराचा गोळा.
'श्रद्धा' लिहिलं की मधोमध
पालिकेने खड्डा बुजवल्यासारखं दिसायचं.

खालच्या दुकानात हेडाऊ पेंटर येऊन बसायचे.
इतवारीतली निम्मी दुकानं त्यांच्या ब्रशची,
आता त्यावर फ्लेक्स ठोकलेले.
छापलेला ठ त्यांनी हातभर लांब धरून बघितला.
"हा जेवून बसला न माय," म्हणाले,
"याले ढेकर द्यायला तरी जागा ठेव."
मी पोटातली पोकळी बारा एककांनी वाढवली.
पुन्हा बघितलं.
"हां. आता पान खाऊ शकते."

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा
सगळे म्हणाले, संत्रा.
नागपूरचं आहे, गोल आहे, अजून काय पाहिजे!
फाईलचं नाव होतं
'ठळक अंतिम तीन खरंच अंतिम',
त्यातलं पहिलं तेवढं राहिलं.

मग ते शहरात उतरलं.
पहिल्यांदा दिसलं गोकुळपेठेत,
कोचिंग क्लासच्या होर्डिंगवर,
न विचारता, फुकट उतरवून घेतलेलं.
मग ई-रिक्षाच्या पाठीवर.
सावजीच्या पाटीवर, तिथे शोभलं,
रश्श्यावरच्या तर्रीसारखं.
सदरच्या एका दवाखान्यात 'शांतता राखा',
इतक्या मोठ्याने, की मला जिन्यातच हसू आलं.
कुणीतरी लग्नपत्रिकेत बारीक करून भरलं:
'कृपया आहेर आणू नये',
चिरडलेल्या मुंग्यांची ओळ.
हे अक्षर दुरून बोलायचं आहे,
चौकापलीकडून, सिग्नल सुटायच्या आत.
कानात सांगायचं त्याला येत नाही.

जानेवारीत हेडाऊंचा उजवा हात थरथरायला लागला.
एका दुपारी कठडा धरत माडी चढून आले.
"माह्यासाठी एक बोर्ड छापून दे. तुह्याच अक्षरात."
मजकूर सिगारेटच्या पाकिटावर लिहून आणलेला,
शाई जागोजागी उड्या मारलेली:
'हाताने बोर्ड लिहून मिळतील.'
मी बघत राहिले.
ते म्हणाले, "पोरगा लिहीन न. मी सांगीन."

प्रिंट निघाल्यावर बराच वेळ उभे होते.
"सारं बराबर आहे. ळ तेवढा वाकव थोडा.
माहा तसाच पडे.
शिडीवरून लिवलं का उजवीकडे कलते."

दोन अंश.
भूमितीत दोन अंश म्हणजे चूकच.
त्या एका बोर्डापुरतं करता आलं असतं.
मी मूळ फाईल उघडली.

आता केळी, डाळ, शाळा, गाळे भाड्याने देणे,
जिथे जिथे तो येतो
तिथे जरासा शिडीवर उभा असतो.
परवा पुण्याहून एका प्रकाशकाचा फोन आला,
ळमध्ये गडबड आहे म्हणाले, दुरुस्त करून पाठवा.
बघते, म्हटलं,
आणि कूलरमध्ये पाणी टाकायला उठले.