तिसरा आकडा

काळ्या पडद्यावर रेघ लुकलुकते.
मी टाइप करतो: पंपहाऊस, पाइप बदलणे.
ती तीनच प्रश्न विचारते.
सगळं सुरळीत झालं तर किती दिवस?
नेहमीसारखं झालं तर?
काहीच नाही जमलं तर?

चार. सात. एकोणीस.
एंटर.
साडेआठ, अधिक-उणे अडीच.

मागे इद्रीस परकार, हेल्मेट काखेत.
मूळ दाभोळचे, सोहारात बावीस उन्हाळे.
"साडेआठ? तो अर्धा कुठला, सकाळचा की दुपारचा?
साडेबारा ते साडेतीन काम बंद,
पाना हातात धरवत नाही,
व्हॉल्व्ह अजून दुबईच्या गोदामात,
आणि आज गुरुवार."

मी एकोणीसचे सव्वीस करतो.
नऊ पूर्णांक सदुसष्ट.
"हां. आता जरा माणसात आलं तुझं यंत्र."

एसीखाली घाम वाळतो, पाठीवर मिठाचा नकाशा.
"माझं एक टाक."
नाव काय देऊ कामाला?
"घरी जाणे."

सगळं सुरळीत झालं तर?
"पाच वर्षं. धाकटीचं फार्मसी होईल तोवर."
नेहमीसारखं?
"दोन. करार आहे तेवढा."
काहीच नाही जमलं तर?
ते खिडकीतून बघतात,
नव्या ठेकेदाराची पांढरी गाडी, काल आलेली.
"उद्या."

मी शून्य टाकतो.
चूक, ती म्हणते,
तिसरा आकडा सर्वांत मोठा हवा.

परकार खो खो हसतात, खोकला लागेपर्यंत.
भोंगा होतो.
हेल्मेट चढवून ते उन्हात निघतात,
जाताना दार लोटायचं विसरतात,
आत झळ येते,
आणि रेघ
अजून आकडा मागत असते.