देठ सुटल्यावर

डिचोलीच्या कोर्टात सव्वीस वर्षं
मी पोर्तुगीज दस्तांचं मराठी केलं.
वाळवीनं खाल्लेल्या जागी लिहायचं,
‘येथे अक्षर लागत नाही.’
मनचं भरायचं नाही. एवढाच माझा धर्म.

वकील कायदा पुस्तकातून सांगत.
मला तो कळला लाडू पार्सेकराच्या वाटणीत:
यादीत अनुक्रम चौदा, मानकुरादाचं झाड एक,
बुंधा पार्सेकरांच्या भाटात,
अर्ध्या फांद्या कायतान डिमेलोच्या अंगणावर.

आंबा देठाला आहे तोवर स्थावर,
जमिनीसारखा, विहिरीसारखा.
देठ सुटला की जंगम.
मधल्या हवेत तो कोण,
ते कलम मला अजून सापडलेलं नाही.
फांदीवरून भांडण, तर दिवाणी;
कायतानच्या नातवानं दगड मारून पाडला, की फौजदारी;
आणि पहिला घोस देवळात, दुसरा कपेलात,
हे कुठं लिहिलेलंच नाही,
म्हणून आजवर कोणी मोडलं नाही.

लाडूची मुलगी इंदुमती साखळीहून यायची,
दर तारखेला, शेवटच्या बाकावर.
इथं लेकीचा वाटा लेकाएवढा,
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक;
तरी भावानं साडी आणली होती
आणि साडीच्या घडीत सहीचा कागद.
तिनं साडीचा पोत बोटांनी पाहिला.
मग उठून विचारलं,
‘यादीत झाड आहे. आंबे नाहीत.
नऊ वर्षांचे आंबे कोणी खाल्ले?’

कोर्ट हसलं.
न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. हिशेब मागितला.

भावाकडं हिशेब नव्हता.
तो निघाला आंजेलीन डिमेलोकडं,
शाळेच्या एका वहीत, रोमी लिपीतल्या कोंकणीत:
कुंपणाच्या अलीकडं पडलेले किती,
पाखरांनी टोचलेले किती,
मिस्कुटाच्या बरण्या किती,
आणि दर मे महिन्यात एक बरणी साखळीला.

माझी नेमणूक पोर्तुगीजची,
तरी वही माझ्याच टेबलावर आली.
शपथेवर उतरवली, ओळीला ओळ.
निकाल मी निवृत्त झाल्यावर लागला म्हणतात,
कुणाच्या बाजूनं, ते विचारलं नाही.
सतरावं पान तेवढं आठवतं.
तिथं आकड्यावर एक पिवळा, गोल डाग होता.
मी लिहिलं, ‘येथे अक्षर लागत नाही’
आणि नोकरीत पहिल्यांदाच पुढं कारण जोडलं:
‘लोणच्याचे तेल.’