मामावर गेला

आधी पिंढऱ्याच दिसल्या लोकांना.
तिसरं वर्ष. बोडीच्या पाळीवरून लोमेश
डुलत येत होता, पोट पुढं काढून,
नि पांडू दिघोरे जाळं झटकता झटकता म्हणाला,
"का पिंढऱ्या आहेत गा पोट्ट्याच्या!
पैलवान होते हा. मामावर गेला."

सेवंता हसली.
माझ्या खांद्यावरचा लसींचा डबा
एकदम जड झाला.

मामा म्हणजे आमचा मनसाराम.
त्याच्याही अशाच, अंड्यावर आलेल्या मासोळीसारख्या.
उठताना तो भुईला हात टेकायचा,
मग गुडघ्यांना, मग मांड्यांना,
झाडावर चढावं तसा
स्वतःवरच चढायचा.
आई म्हणायची आळशी आहे.
पुजाऱ्यानं लिंबू कापलं, गुरुजींनी छडी तोडली.
बाराव्या वर्षी बसला, तो उठला नाही.
मी नऊची. पाठीवर घेऊन त्याला नाल्यावर न्यायची.
सेवंता तेव्हा मांडीवर होती, तिला काय आठवणार.
सतराव्या वर्षी, पुसाच्या थंडीत,
त्याला खोकणंही जमेना.

त्याच्या रोगाचं नाव मला
एकवीस वर्षांनी कळलं, नागपुरात,
लोमेशच्या कागदावर.

डॉक्टरीणबाईनं चित्र काढलं.
मी नर्स आहे म्हटल्यावर जरा भरभर.
मेंदूतून निरोप निघतो.
नस तो स्नायूच्या दारात ठेवते.
आत कॅल्शियमची कोठारं उघडतात,
धाग्यांवर धागे सरकतात,
पेशी आखडते, पाय उचलतो.
यात काही बिघाड नाही, ती म्हणाली.
निरोप वेळेवर पोचतो.
पेशी ऐकते.

मग?

आतल्या त्या ओढीला पडद्याशी बांधणारी
एक गाठ असते. ती याच्यात नाही.
म्हणून दर ऐकण्यात पडदा जरासा फाटतो,
फाटीतून कॅल्शियम शिरतं, नको तेवढं,
आतलं रक्तात झिरपतं.
शेजारी निजलेल्या राखीव पेशी
उठतात, सांधतात, निजतात, पुन्हा उठतात
आणि केव्हातरी दमतात.
मग ती जागा चरबी घेते.
पिंढरी भरून येते.

साकोलीच्या एसटीत मी सेवंताला
माझ्या परीनं सांगितलं.
दोरी ओढली की जाळं येते, हो ना?
पण काठाची गाठच मारली नसंल तं?
जेवढी ओढशील तेवढं फाटते.
लाखनी आली, गेली.
मग ती म्हणाली,
"म्हणजे गाठ मी नाही मारली म्हणतेस?"

चित्रात याचं उत्तर होतं. मी दिलं नाही.
आईकडून येतं हे, तिला न दुखवता.
मामावर गेला, मामावर गेला:
आमच्या बोलीला ठाऊक होतं सगळं,
फक्त ती बारशाच्या आवाजात बोलत होती.

आता तो नऊचा. गोळ्यांनी तोंड गोल झालंय.
रात्री पायांना पट्ट्या बांधतो आम्ही.
परवा ओट्यावर बसून विचारतो,
"मावशी, मी पायाले ऊठ म्हणतो
तं पायाले ऐकू येते का?"
येते बापा.
"मंग मी हळूच सांगतो.
जोरात सांगलं तं फाटते थो."

माझं रक्त मीच काढलं होतं, डाव्या हाताचं.
रिपोर्ट येऊन दोन महिने झाले.
लसींच्या डब्याखाली घडी करून आहे.
रविवारी चैतालीला बघायला
कुरखेड्याची माणसं येणार आहेत.
ती आत्ता अंगणात केस धुते आहे,
बादली एका हातानं उचलते, सहज.
सुई, नळी, कापूस, सगळं पिशवीत आहे.
फक्त म्हणायचंय, दंड पुढं कर.

मी जिभेला सांगते.
तिला ऐकू येतं.